टर्फ झाडतं कोण?

टर्फ बुक करताना तुम्ही काय बघता? तासाचा रेट, लाइट कसे आहेत, पार्किंग आहे का आणि बाहेर चहाची टपरी उघडी असते का. बरोबर? ग्रुपवर 'फायनल ना बे?' झालं, पैसे वाटून घेतले की विषय संपला. ज्याच्यावर तासभर धावायचं, पडायचं, लोळायचं, त्या हिरव्या गालिच्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या वेळी बघा. खाली बसा आणि धाग्यांमध्ये बोटं घाला. बोटांना काळं लागलं? आपल्या चंद्रपुरात लागणारच.

'खऱ्या गवताला पाणी द्या, खत घाला, ते कापा. हे एकदा अंथरलं की झालं!' असं आपण धरून चालतो. पण खऱ्या गवताखाली माती असते. ती धूळ पोटात घेते, पडलेली पानं कुजवते. घाम, थुंकी, रक्त, सगळ्याची विल्हेवाट तिच्यातले जिवाणू लावतात आणि पाऊस आला की नवं पातं फुटतं. प्लास्टिकच्या गवताखाली यातलं काहीच नाही. जे पडलं ते तिथंच पडून राहतं, कुणीतरी उचलेपर्यंत.

हे गवत निघालं कसं, तेही मजेशीर आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोडोम' नावाचं छत असलेलं स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हानं खेळाडूंचे डोळे दिपायचे, उंच उडालेला चेंडू दिसायचा नाही. म्हणून तावदानं रंगवली. ऊन थांबलं आणि आतलं गवत मेलं! मग १९६६ मध्ये तिथं प्लास्टिकचं गवत अंथरलं, तेच 'अ‍ॅस्ट्रोटर्फ'. म्हणजे ऊन नाही म्हणून आलेली वस्तू आपण ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांत अंथरली आहे.

आता आत काय असतं ते बघू. वर पॉलिथिलीनचे धागे, खाली त्यांना धरून ठेवणारं, पाणी जायला भोकं असलेलं कापड. आणि धाग्यांच्या मधे भरलेली वाळू आणि रबराचे काळे दाणे. घरी गेल्यावर मोज्यातून निघतात ना, तेच. बहुतेक ठिकाणी ते जुने टायर बारीक करून बनवतात. धागा उभा राहतो तो या भरावाच्या आधारानं आणि पडल्यावर गुडघ्याला मिळणारी गादीही तीच.

सतत खेळून दाणे सरकतात. गोलच्या तोंडाशी, बॉक्स क्रिकेटमध्ये बॅट्समन उभा राहतो तिथं आणि बॉलरचा पाय पडतो तिथं ते सगळ्यात आधी कमी होतात. धागा आडवा पडतो, मग कडेचे दाणे ओढून परत मधे आणावे लागतात. म्हणून टर्फ 'झाडणं' म्हणजे नुसता कचरा काढणं नव्हे. नायलॉनच्या कडक ब्रशनं, धागा ज्या बाजूला झोपलाय त्याच्या उलट दिशेनं घासत जायचं. तारेचा ब्रश किंवा लोखंडी दाताळं चालत नाही, धागे तुटतात. भर उन्हातही घासायचं नाही, कारण तापलेला धागा मऊ पडतो. दहा तास खेळ झाला तर एक तास देखभाल, असा ढोबळ हिशेब सांगतात. पहाटेचे स्लॉट आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचे स्लॉट धरले तर आपल्याकडची चालती टर्फ दिवसाला दहा तास सहज भरते. म्हणजे रोज एक तास कुणीतरी ब्रश घेऊन वाकलं पाहिजे. तो तास बुकिंगमध्ये कुठे दिसतो का?

त्यात आपलं गाव. एका बाजूला ऊर्जानगरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी, पलीकडे घुग्घुस आणि सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर पहिल्या पाचांत होतं. छतावर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी बसते, तीच धूळ टर्फवरही बसते. फरक इतकाच, की कपडे आपण झटकतो. टर्फवर ती धाग्यांतून खाली जाते, वाळूच्या कणांमधल्या फटी भरते, पाणी जायची भोकं बुजवते. मग जमीन टणक होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात डबकी साचतात. त्यामागून शेवाळ येतं आणि कडेच्या सांध्यांतून गाजरगवतही डोकं काढतं. (खोट्या गवतात उगवलेलं खरं गवत उपटणं, हे एक वेगळंच काम!) गडचिरोलीकडे कोळशाऐवजी पानगळीचा विचार करावा लागतो. सागाचं मोठं पान उचलायला सोपं, पण पडून चुरा झालं की तोही खालीच जाऊन बसतो.

उन्हाचं काय? 'पाणी मारलं की थंड होते टर्फ' असं सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये हे मोजून बघितलं होतं. कृत्रिम मैदान सुमारे ७९ अंश सेल्सियस तापलेलं होतं. पाणी मारल्यावर ते २९ वर आलं. पाच मिनिटांत पुन्हा ४९ आणि वीस मिनिटांत ७३! आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा स्लॉट स्वस्त मिळाला तर तो काहून स्वस्त आहे, ते समजून घ्या. तिथं टँकरभर पाणी ओतणं म्हणजे पाणी वाया घालवणं. पाणी मारायचंच तर धूळ बसवायला आणि धाग्यावरचा थर धुवायला, तेही ऊन उतरल्यावर.

आता जरा आपल्याबद्दल बोलू. टर्फवरचे सगळ्यात चिवट डाग धुळीचे नसतात, आपले असतात. पहिला नंबर अर्थात खर्ऱ्याचा. त्या पिचकारीवर लगेच पाणी ओतलं तर बरंच निघतं. सुकली की कोमट पाणी, साधं साबणाचं द्रावण आणि घासत बसणं. ॲसिड किंवा ब्लीच टाकून 'एका मिनिटात साफ' करायला गेलं की डागाबरोबर धाग्याचा रंगही जातो. च्युइंगगम चिकटलं तर ओढायचं नाही, त्यावर बर्फ ठेवायचा, कडक झालं की सुटतं. आणि रात्री बाराचे बर्थडे! केकचं क्रीम दाण्यांत मुरतं, सकाळी मुंग्या हजर. त्याहून वाईट ते ठिणग्या उडवणारे फुलझडीचे कँडल. प्लास्टिक आहे ते. ठिणगी पडली की धागा वितळून गाठ होते आणि ती गाठ कुठल्याही ब्रशनं सुटत नाही. तेवढा तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. टर्फवर घसरून गुडघा-कोपर सोलतं, ते सगळ्यांनाच माहीत आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघात २००३ च्या हंगामात ५८ पैकी पाच खेळाडूंना, औषधांना सहज दाद न देणाऱ्या जिवाणूचा संसर्ग झाला. सगळे संसर्ग अशा सोललेल्या जागीच झाले होते. अशा संसर्गात एकच टॉवेल सगळ्यांनी वापरणं फार महागात पडतं. तेव्हा सोललं तर लगेच साबणानं धुवा, झाका, आणि मित्राचा टॉवेल मागू नका. टर्फवर रक्त सांडलं तर ते गार पाण्यानं तिथल्या तिथं धुऊन घ्यायला सांगा. लाजायचं काय त्यात?

राहिले मोज्यातले काळे दाणे. मोठ्या फुटबॉल मैदानात असे शंभर टनांच्या वर दाणे असू शकतात. ते बुटातून, वाऱ्यानं, पावसाच्या पाण्यानं बाहेर जातात. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये नियम करून अशा दाण्यांच्या विक्रीवर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी ठरवली आहे, कारण हे सूक्ष्म प्लास्टिक एकदा मातीत-पाण्यात गेलं की परत गोळा करता येत नाही. आपल्याकडे ते बाथरूममधून नाल्यात, नाल्यातून झरपटमध्ये, झरपटमधून इरईत आणि पुढे वर्धेत. चपराळ्याजवळ वर्धा वैनगंगेला मिळते, तिथून प्राणहिता, आणि सिरोंच्याजवळ गोदावरी. चंद्रपूरच्या बॉक्स क्रिकेटमधला दाणा असा गडचिरोलीचा अख्खा जिल्हा बघून पुढे जाऊ शकतो.

त्यामुळे निघताना बूट टर्फच्या आतच काढा, उलटे करून तिथंच आपटा, मोजेही झटका. गेटपाशी पायपुसणं किंवा जाळी नसेल तर मालकाला विचारा, 'भाऊ, जाळी का नाही लावली?' पालापाचोळ्याबरोबर झाडून निघालेले दाणे कुठे टाकता, तेही विचारा. ते चाळून परत टर्फमध्ये भरता येतात, नाल्यात लोटायची गरज नसते. आणि शेवटच्या स्लॉटनंतर 'अजून पाच मिनिटं, लास्ट ओव्हर' म्हणून ताणताना कोपऱ्यात ब्रश घेऊन कुणी उभं आहे का, तेवढं बघा. त्याचा तास तुमच्यानंतर सुरू होतो.