संचाची पाठ पाहून बॉक्स घ्यावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या आत्याच्या वाड्यात, सोप्याच्या भिंतीशी असलेल्या लाकडी फळीवर, एकवीस इंची रंगीत टीव्ही गेली पंचवीस वर्षे ठाण मांडून आहे. त्याची काच पोट पुढे आल्यासारखी गोलसर, पाठ हातभर लांब आणि वजन इतके की दोघांनी धरल्यावाचून तो हलत नाही. परंतु त्याच्या चित्रनलिकेचा रंग अद्याप यत्किंचितही फिका पडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्याशी जोडलेला सेट टॉप बॉक्स निकामी झाला, तेव्हा मी हौसेने एका दुकानातून हाय डेफिनिशनचा नवा बॉक्स आणला, आणि घरी येऊन पाहतो तो त्याच्या पाठीला एचडीएमआयचे एक चपटे भोक आणि हेडफोनच्या पिनेएवढे एक बारीक छिद्र, तर टीव्हीच्या पाठीला पिवळे, पांढरे आणि लाल असे तीन गोल सॉकेट! त्या बारीक छिद्रातून चित्र आणि ध्वनी दोन्ही बाहेर काढता येतात. मात्र त्यासाठी लागणारी वायर खोक्यात नव्हती, आणि बाजारातून आणलेली वायर लावताच पडद्यावर चित्राऐवजी नुसत्या सरकत्या रेघा व ध्वनीच्या जागी घरघर सुरू झाली. कारण नंतर कळले. त्या पिनेवर चार कड्या असतात, आणि कोणत्या कडीतून चित्र जावे व कोणत्या कडीतून ध्वनी, याविषयी सर्व उत्पादकांचा क्रम एकसारखा नसतो. दुकानदाराने घरचा संच कोणता हे विचारले नव्हते. असा प्रश्न ज्या दुकानात विचारला जात नाही, तेथे जुन्या टीव्हीसाठी बॉक्स घेऊ नये, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

मुळात हा बॉक्स लागतोच का, असा प्रश्न अजूनही पुष्कळ वृद्ध मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे; कारण ज्या संचाने छपरावरच्या ॲंटेनाच्या बळावर वर्षानुवर्षे दूरदर्शन दाखवले, त्याला एकाएकी परावलंबी का व्हावे लागले, हे त्यांना कोणी नीट समजावून दिलेले नाही. जुना टीव्ही एकच भाषा जाणतो : सेकंदाला पंचवीस चित्रे, प्रत्येक चित्राच्या 625 रेषा, आणि त्या रेषांचा उजेड-अंधार लहरींच्या चढउतारातून वाहून आणणारा संदेश. आजचे प्रक्षेपण मात्र अंकांच्या रूपाने, आणि तेही दाबून लहान केलेल्या अंकांच्या रूपाने येते. ते अंक उलगडून पुन्हा जुन्या लहरीत घालणारा दुभाषी म्हणजे हा बॉक्स. केबलच्या बाबतीत हे स्थित्यंतर सरकारी हुकमाने झाले. 1995 च्या केबल कायद्यात 2011 साली दुरुस्ती होऊन चार टप्प्यांची मुदत ठरवण्यात आली. मुंबईसह चार महानगरांत 2012 साली, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर इत्यादी शहरांत 31 मार्च 2013 पर्यंत, आणि उरलेल्या सर्व नागरी भागांत, म्हणजे आपल्या कोल्हापुरातही, 31 डिसेंबर 2015 पर्यंत बॉक्स बसवावेत असे ठरले. खेड्यांची पाळी त्यानंतर आली. पुढे दूरदर्शननेही आपले जुन्या पद्धतीचे भूस्थित प्रक्षेपक ऑक्टोबर 2021 पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केले, आणि छपरावरचा तो माशाच्या काट्यासारखा ॲंटेना निरुपयोगी झाला.

तेव्हा बॉक्स निवडण्याची सुरुवात दुकानातल्या काचेच्या कपाटापासून न करता घरच्या टीव्हीच्या पाठीपासून करावी. तीन रंगी सॉकेट असतील तर काम सोपे आहे. तीन रंगी वायर सरळ लागेल असा साधा, स्टँडर्ड डेफिनिशनचा बॉक्स पुरेसा होतो, कारण हाय डेफिनिशनची सूक्ष्मता या काचेवर उमटूच शकत नाही, आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे व्यर्थ जातात. टीव्ही त्याहूनही जुना असून त्याला केवळ ॲंटेनाचे एकच सॉकेट असेल, तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये मॉड्युलेटर नावाचा छोटा डबा लागतो, जो चित्र-ध्वनी पुन्हा एखाद्या जुन्या चॅनेलवर चढवतो. मात्र कृष्णधवल संचांपैकी अनेकांच्या गोल खटक्याला फक्त व्हीएचएफचे बारा चॅनेल ठाऊक असतात, त्यामुळे मॉड्युलेटर यूएचएफचा निघाला तर पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसणार नाही. घरी एचडीएमआयचा बॉक्स पडून असेल आणि तोच वापरायचा असेल, तर एचडीएमआयचे रूपांतर तीन रंगी वायरींत करणारा एक तळहाताएवढा कन्व्हर्टर मिळतो. त्याला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक खबरदारी परदेशस्थ आप्तांच्या प्रेमाबाबत. अमेरिकेत 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा तेथील सरकारने कन्व्हर्टर बॉक्ससाठी चाळीस डॉलरची कुपने वाटली होती. असा एखादा बॉक्स कोणी सुटकेसमध्ये घालून आणला, तर तो येथे कामाचा नाही, कारण त्या देशाची प्रक्षेपणपद्धती निराळी आहे.

पाठ पाहून झाल्यावर मालकीची शहानिशा करावी. केबलचा किंवा खाजगी डीटीएचचा बॉक्स त्या त्या कंपनीच्या सांकेतिक कुलपाने बांधलेला असतो. एकीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, आणि म्हणूनच जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला बॉक्स बहुधा निर्जीव ठरतो. कोणताही बॉक्स कोणत्याही सेवेस चालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2020 मध्ये केली. ती योग्यच होती, आणि ती अंमलात यावी असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत बॉक्स विकत आहे की भाड्याने, सेवा सोडल्यास अनामत परत मिळेल काय, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, याची लेखी पावती मागण्यात संकोच करू नये.

दरमहा पैसे भरण्याची इच्छा नसेल, तर दूरदर्शनची फ्री डिश ही उत्तम तजवीज आहे. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. डिश आणि बॉक्स एकदा विकत घेतले की मासिक शुल्क नाही, आणि त्यात सह्याद्री वाहिनी दिसते. बॉक्स घेताना मात्र तो एमपेग-4 चा आहे याची खात्री करावी, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या लागतात. फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाशी स्थिर आहे. म्हणजे कोल्हापुरातून पाहता तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर येतो. आग्नेयेस शेजाऱ्याची उंच इमारत वा दाट आंबा नसेल अशी जागा गच्चीवर शोधावी. मुसळधार पावसात या लहरी थेंबांत शोषल्या जातात व चित्र चौकोन-चौकोन होऊन गोठते. म्हणून जास्त पावसाच्या गगनबावडा-राधानगरीकडील घरांनी किंचित मोठ्या व्यासाची डिश घ्यावी, तिचा फायदा होतो.

आता पडद्यावरील चित्राच्या चौकटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते या शहराशी निगडित आहे. 1 जून 1929 रोजी याच कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, आणि 1932 साली तिने पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' येथेच निर्माण केला. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चारास तीन या प्रमाणाची होती. दूरचित्रवाणी आली तेव्हा तिने तेच प्रमाण उचलले, आणि म्हणून आत्याच्या टीव्हीची काच जुन्या बोलपटाला बेतून केल्यासारखी आहे. परंतु आजच्या पुष्कळ वाहिन्या सोळास नऊ या रुंद चौकटीत प्रक्षेपण करतात. जुना चित्रपट त्या चौकटीत बसवताना डावी-उजवीकडे काळे पट्टे येतात, आणि ती रुंद चौकट पुन्हा जुन्या टीव्हीवर आखडून बसवताना वर-खाली पट्टे येतात; परिणामी चित्र चारी बाजूंनी काळ्या किनारीत अडकून काचेच्या जेमतेम 56 टक्के क्षेत्रावर उरते. कित्येक घरांत वृद्ध माणसे असे आकसलेले चित्र डोळे बारीक करून पाहतात आणि दोष आपल्या दृष्टीला देतात! वस्तुतः बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार 4:3 निवडून 'लेटरबॉक्स'ऐवजी 'पॅन स्कॅन' किंवा 'सेंटर कट' हा पर्याय ठेवला, तर तो जुना चित्रपट पूर्ण काच भरून दिसतो. बॉक्समध्ये ही सोय आहे काय, हे विकत घेण्यापूर्वी रिमोट हाती घेऊन पाहिले पाहिजे. माझ्या लेखी ती बॉक्सच्या इतर सर्व गुणांहून मोलाची आहे.

आत्याकडे अखेर तीन सॉकेटचा साधा बॉक्स आला. टीव्हीचा मूळ रिमोट हरवला होता, म्हणून त्या मॉडेलला चालणारा दुसरा आणावा लागला, कारण त्यावरचे 'एव्ही'चे बटण दाबल्याशिवाय जुना टीव्ही बॉक्सकडे वळत नाही. दोन्ही रिमोटांवरच्या लागणाऱ्या बटणांवर नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला आहे, आणि ती आता कोणास न विचारता टीव्ही लावते.

आपणही दुकानात जाण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीचे एक छायाचित्र मोबाइलवर काढून न्यावे, आणि तीन रंगी वायर लावून चित्र व आवाज दोन्ही दाखवल्याखेरीज बॉक्सचे पैसे देऊ नयेत.