'बरळणे' म्हणजे नेमकं काय?

आजचा शब्द आहे 'बरळणे'.

आपल्याकडे कुणी काहीबाही बोललं की लगेच म्हणतात, "काय बरळायलाय रे हा!" बातम्यांमध्येही नेते 'बरळतात'. पण नेत्याचं बोलणं पटलं नाही तरी कळतं. तापात, झोपेत, नशेत शब्दाला शब्द जुळत नाही, ते खरं बरळणं. बडबड वेगळी, ती जास्त असते, पण समजते.

इंग्रजीत जवळचा शब्द 'बॅबल'. तो बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्यावरून आला असं अनेकांना वाटतं, पण शब्दकोशकारांना तसा थेट धागा सापडलेला नाही. ती बाळाच्या 'बा-बा'ची नक्कल असावी. आपलं 'बडबड'ही असंच नादावरून आलेलं. ग्रीकांना परक्यांची भाषा 'बर-बर' ऐकू यायची, म्हणून ते 'बार्बारोस'. संस्कृतातही 'बर्बर' म्हणजे अडखळत बोलणारा, आणि रानटीही! आपल्याला कळलं नाही की दोष समोरच्याचा.

हीच चूक आम्ही घरी केली. एका दुपारी आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली. "झोपेत बरळायलीय," म्हणून आम्ही हसलो. तो पक्षाघात होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमचे ते तास हसण्यात आणि वाट बघण्यात गेले.

म्हणून सांगतो, कुणाचं बोलणं अचानक बिघडलं, तर शब्दाचा अर्थ नंतर शोधा. आधी 108 लावा. भेटू पुढच्या भागात!