साइड-चेन कॉम्प्रेशन: पॅरिसच्या एका दशकाचा मागोवा

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी पॅरिसच्या ‘डाफ्ट पंक’ या जोडीने ‘एपिलॉग’ नावाची चित्रफीत प्रसृत करून आपला एकत्र प्रवास संपल्याचे जाहीर केले. त्या निमित्ताने या जोडीच्या चकाकत्या शिरस्त्राणांची आठवण सर्वांनाच झाली. परंतु ज्या ध्वनितंत्राला तिने नृत्यसंगीतात प्रतिष्ठा मिळवून दिली, ते साइड-चेन कॉम्प्रेशन आज इतके सर्रास आणि इतके यांत्रिक झाले आहे, की त्याचा मागोवा घेणे अगत्याचे ठरते.

कॉम्प्रेसर म्हणजे ठरावीक पातळीच्या, अर्थात थ्रेशोल्डच्या, वर गेलेला आवाज आपोआप खाली आणणारे उपकरण. त्यात आवाज दाबणारा एक मार्ग असतो आणि आवाज मोजणारा दुसरा. एरवी दोन्ही मार्गांवर एकच ध्वनी असतो, मात्र साइड-चेनमध्ये मोजला जातो एक ध्वनी आणि दबतो दुसराच. किक ड्रमचा ठोका मोजणाऱ्या मार्गाला जोडला, की प्रत्येक ठोक्याला बास, सुरावट वा गायन क्षणभर खाली जाते आणि ‘रिलीज’ नावाच्या अवधीत पुन्हा वर येते.

या युक्तीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. बोलपटांच्या आरंभीच्या काळात संवादांतील ‘स’काराची शीळ आवरण्यासाठी आणि पुढे रेडिओवर निवेदक बोलू लागताच संगीत खाली नेण्यासाठी ती वापरली गेली. अनेक दशके तिचे यश न जाणवण्यातच मानले जात असे, आणि आवाजाची वरखाली कानाला कळली तर ध्वनिमुद्रणशास्त्र तिला ‘पम्पिंग’ म्हणून दोषांत गणत असे.

१९९६ ते २००५ या दशकात पॅरिसने हा दोषच सौंदर्य म्हणून स्वीकारला. १९९६ मध्ये ‘मोटरबास’चा ‘पॅन्सूल’ हा गीतसंग्रह, १९९७ मध्ये ‘डाफ्ट पंक’चा ‘होमवर्क’ हा गीतसंग्रह, १९९८ मध्ये ‘स्टारडस्ट’चे ‘म्युझिक साउंड्स बेटर विथ यू’ हे गीत आणि २००० मध्ये ‘डाफ्ट पंक’चे ‘वन मोअर टाइम’ अशी ही मालिका आहे. ‘स्टारडस्ट’च्या गीतात चाका खान यांच्या १९८१ सालच्या ‘फेट’मधील छोटासा तुकडा पुनःपुन्हा फिरतो, तरीही तो कंटाळवाणा होत नाही, कारण ठोक्यागणिक दबून उसळणारा आवाज त्या पुनरावृत्तीला चाल देतो. या शैलीशी ‘अलेसिस ३६३०’ या कॉम्प्रेसरचे नाव कायमचे जोडले गेले. स्वस्त म्हणून मोठ्या स्टुडिओंतून हिणवल्या गेलेल्या त्या यंत्राची ढोबळ पकडच येथे कामी आली, हे आज नि:संकोचपणे नोंदवले पाहिजे. काटेकोर अर्थाने या शैलीतील सगळाच परिणाम साइड-चेनचा नव्हता. संपूर्ण मिश्रण एकाच कॉम्प्रेसरमधून नेले, तरी किक बाकीच्या ध्वनींना दाबतेच. मात्र दोन्ही वाटांनी यंत्र प्रत्यक्ष ध्वनी ऐकूनच प्रतिसाद देत असे, आणि ठोका किंचित बदलला, की दाबही बदलत असे.

२००४ मध्ये एरिक प्रिड्झ यांचे ‘कॉल ऑन मी’ हे गीत ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले आणि पम्पिंग ही नृत्यसंगीताची मुद्राच बनली. २००७ मध्ये ‘एबल्टन लाइव्ह’ या संगीतनिर्मितीच्या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीतील कॉम्प्रेसरला साइड-चेन मिळाली. पुढील वर्षांविषयी लिहिण्यासारखे फार थोडे आहे. आता आवाजाच्या चढउताराची वक्ररेषा पडद्यावर आधीच आखून ती ठेक्याच्या गतीला बांधली जाते. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गीतात दर ०.४७ सेकंदांनी तीच खोली, तोच चढ. किक वाजो वा न वाजो, सुरावट मान तुकवते. सोय मोठी आहे आणि ठोक्याला जागाही स्वच्छ मिळते, पण त्यात एक ध्वनी दुसऱ्याला ऐकत नाही, म्हणून या पद्धतीला साइड-चेन कॉम्प्रेशन म्हणणे चुकीचे आहे.

मिश्रण शिकणाऱ्या तरुणांनी तयार वक्ररेषा उचलण्याआधी किकचा खराखुरा ध्वनी कॉम्प्रेसरच्या साइड-चेनला जोडावा, रिलीजचा अवधी आकड्याने न ठरवता कानाने जुळवावा, आणि गीताला गरज नसेल तेथे तो परिणाम काढून टाकावा.