बारीक आहात? तरीही मधुमेह होऊ शकतो

‘मी तर सडपातळ, मला कसली शुगर?’ असं आपल्यातले कितीतरी तरुण म्हणतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वजनकाट्यावर हे कळत नाही.

पोटातली ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्या पेशी फुगल्या की रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायने सोडतात. जंतू नाही, ताप नाही, दुखतही नाही. पण मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. त्यामुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि रक्तातली साखर वाढते. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांमधला टीएनएफ-अल्फा निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचे काम सुधारले होते. (माणसांत मात्र प्रकरण इतके सरळ निघाले नाही.)

हे झाले टाइप २ चे. टाइप १ मध्ये प्रतिकारयंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. तिथे इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतते.

जयंतीच्या आरोग्य शिबिरात वजनकाट्याशेजारी टेपही ठेवा. कंबर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर भरली, तर उपाशीपोटी रक्त तपासून घ्यायला सांगा.