टकटक करणारा घोडा आणि न उघडलेली छत्री

माथेरानहून परतलेल्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘घोड्यावर बसण्याआधीच घोडेवाला म्हणाला, साहेब, घाबरू नका, त्याला कळतं. खरंच कळतं का, की गिऱ्हाइकाला गप्प बसवायची ही युक्ती?’

युक्ती असेलही. पण कळतं, हे खरं.

स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठातल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी घोड्याला दोरीने धरून, काहींनी त्याच्यावर बसून, ठरलेल्या वाटेवर चार फेऱ्या मारायच्या. ठोके दोघांचेही मोजले जात होते, माणसाचे आणि घोड्याचे. तीन फेऱ्या झाल्यावर माणसाला सांगितलं, आता जाल तेव्हा वाटेत एकजण फटकन छत्री उघडणार आहे. घोडा बुजणार या धास्तीने माणसाचे ठोके वाढले. घोड्याचेही वाढले. छत्री उघडलीच नाही, उघडायची नव्हतीच. घोड्याला छत्रीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला कळलं ते एवढंच, की आपल्याबरोबरचा माणूस बदलला.

घोड्याच्या या नजरेचा शोध मात्र शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो लावणाऱ्याला त्याच्या वाट्याचं श्रेय मिळालं असं मला कधीच वाटलेलं नाही.

बर्लिन, १९०४. विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे गणिताचे निवृत्त मास्तर घरामागच्या अंगणात हान्स नावाच्या आपल्या घोड्याची परीक्षा घेत आणि बघायला गर्दी लोटे. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, आजची तारीख विचारा. हान्स पुढच्या उजव्या खुराने टकटक करायचा आणि नेमक्या आकड्यावर थांबायचा. मास्तरांनी त्याला काही वर्षं शाळेतल्या पोरासारखं शिकवलं होतं. बरोबर उत्तराला गाजर नाहीतर पावाचा तुकडा. खेळाचे पैसे ते घेत नसत, त्यामुळे संशय घ्यायचा तरी कशाचा! शेवटी समिती बसली. तीत मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ होते, प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, सर्कसवालासुद्धा होता. समितीला लबाडी सापडली नाही. सापडणार कशी, ती नव्हतीच.

गोष्ट सांगणारे बहुतेक इथपर्यंत रंगवून सांगतात आणि मग ‘पुढे खरं काय ते उघडकीला आलं’ म्हणून मोकळे होतात. ते उघडकीला आणलं श्टुम्फ यांच्या हाताखालच्या ऑस्कर फुंग्स्टने. त्याने आधी अशी व्यवस्था केली, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसावं. हान्स नापास. मग डोळ्यांना मोठी झापडं लावली. विचारणारा दिसेना, तेव्हाही हान्स नापास, आणि तो दिसावा म्हणून मान वाकडी करकरून बेजार. आता फुंग्स्टने घोड्याकडे बघणं सोडलं आणि माणसांकडे बघायला लागला. प्रश्न संपला, की विचारणारा खुराकडे बघायला किंचित पुढे झुके, टकटक सुरू. आकडा जवळ येईल तसा त्याच्या अंगात ताण भरे, आणि बरोबर आकडा पडताच डोकं केसभर वर येई, टकटक बंद. आपण असं काही करतो याचा विचारणाऱ्यांना पत्ताच नव्हता. मास्तरांनाही नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. फुंग्स्ट प्रयोगशाळेत स्वतःच घोडा झाला! समोरच्याने मनात आकडा धरायचा. हा हाताने टकटक करणार आणि त्याच्याकडे बघून थांबणार. २५ जणांपैकी २३ जणांनी नकळत त्याला उत्तर सांगून टाकलं. हे सारं १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आलं. आज औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुठली आणि खोटी कुठली हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या खबरदारीची गरज कुणाला पटत नसेल, तर त्याला हान्सची गोष्ट सांगावी.

‘घोड्याला गणित येत नव्हतं’ एवढंच या गोष्टीतून काढणं म्हणजे घोड्यावर अन्याय. बर्लिनमधल्या त्या सगळ्या विद्वानांत माणसाकडे नीट बघणारा फुंग्स्टच्या आधी एकच होता, आणि तो खुराने टकटक करत होता.

अशा प्राण्याला शिकवायचं म्हणजे काय, हे इथून उलगडतं. पाठीवर माशी बसली तर तेवढ्याच जागची कातडी थरथरवणारं हे जनावर. त्याला टाच लागली, तो पुढे निघाला आणि टाच सुटली. तो शिकतो ते सुटण्यातून. लागणं नुसतं प्रश्न विचारतं. सुटायला दोन-तीन सेकंद उशीर झाला, तर मधल्या वेळात त्याने जे काही केलं तेच बरोबर उत्तर म्हणून त्याच्या डोक्यात बसायचं. नवशिका स्वार टाच मारतो आणि तोल सावरायला त्याच क्षणी लगामही ओढून धरतो. पुढे जा आणि थांब, दोन्ही एकदम. काहीही केलं तरी ताण सुटत नाही म्हटल्यावर घोडा एक तर उसळतो, नाहीतर हळूहळू काही जाणवूनच घेईनासा होतो. मग आपण त्याला अडेल म्हणतो.

जुन्या मराठीत घोडा शिकवणाऱ्याला शब्दच होता चाबूकस्वार. पण चाबकाबद्दलची शंकाही जुनी आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलं, की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर मारू नये. मार बसला की भीती आणि ती वस्तू यांची त्याच्या मनात गाठच पडते. आजचं शिक्षणशास्त्र यात फारशी दुरुस्ती सुचवणार नाही.

आता थोडं कडू. ‘घोड्याशी बोलणाऱ्यां’चा गेल्या काही दशकांत मोठा बोलबाला आहे. गोल कुंपणात घोड्याला आधी पळवायचं, मग पाठ फिरवून उभं राहायचं. घोडा आपणहून मागे येतो आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. घोड्याने माणसाला आपल्या कळपाचा पुढारी मानलं, असं सांगितलं जातं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार ठेवली. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबायची. थोड्या वेळात घोडे मोटारीकडे जाऊ लागले. मोटारीला कुणी पुढारी मानत नसावं. पिटाळणं थांबलं, हेच तिथलं बक्षीस होतं. फटक्यांपेक्षा ही रीत शंभरपट बरी, पण तिला प्रेम म्हणायची घाई नको.

प्रेमाला जवळचं काही हवंच असेल, तर ते खराऱ्यात शोधावं. मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी हलकं खाजवतात. क्लॉडिया फे आणि जान द माझिएर यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की माणसाने नेमकी तीच जागा खाजवली तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आपण शाबासकी म्हणून मानेवर थापा मारतो. घोडे एकमेकांना थापा मारत नाहीत.

वाचकाचा पुढचा प्रश्न : ‘मग न घाबरल्याचं नाटक करावं का?’ फुंग्स्टला स्वतःचा अनुभव आला तो असा, की डोकं कसं आणि केव्हा हलतं हे पुरतं कळल्यावरही त्याच्याकडून ते हलतच राहिलं. त्याचं नाटक जमलं नाही. आपलं काय जमणार!

माझ्यापुरतं सांगतो. काही वर्षांपूर्वी माथेरानच्याच लाल मातीत मी घोड्यावर ताठ बसलो होतो, चेहऱ्यावर शक्य तितका निवांतपणा आणून. घोडा हलेना. त्याचा एक कान सारखा मागे, माझ्याकडे. घोडेवाल्याने खाली उभ्या उभ्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब, आधी श्वास सोडा. मघापासून धरून बसलाय.’

मी सोडला. घोड्यानेही, योगायोग म्हणा हवं तर, नाकातून लांब फुर्र केलं आणि चालू लागला.