कागद कोणी उचलायचा?

अ‍ॅलिस चिल्ड्रेस यांचं ‘ट्रबल इन माइंड’ हे नाटक वाचताना एका प्रसंगापाशी मी अडकले. गोरा दिग्दर्शक मॅनर्स तालमीत कागद जमिनीवर टाकतो आणि कृष्णवर्णीय अभिनेत्री विलेटाला तो उचलायला सांगतो. ती भडकते, तेव्हा म्हणतो, हाच खरा अभिनय! अपमान करायचा आणि वर त्याला धडा म्हणायचं. हा प्रसंग कसा बसवतात ते बघायला न्यू जर्सीतल्या एका हौशी संस्थेच्या तालमीला गेले.

वाचन झालं, जागा ठरल्या. विलेटा करणाऱ्या बाई साठीच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. इथलेही दिग्दर्शक गोरे. सभ्य, हळू बोलणारे. प्रसंग पुन्हा करायचा तर कागद मॅनर्सच्या हातात परत जायला हवा. पहिल्या दोन्ही वेळा बाईंनीच वाकून तो दिला. तिसऱ्यांदा त्या नुसत्या उभ्या राहिल्या. एक कृष्णवर्णीय तरुण नट लगबगीनं पुढे आला. “राहू दे,” त्या म्हणाल्या. मॅनर्स करणारा संहितेत डोकं घालून बसला. दोनदा त्या दुखऱ्या गुडघ्यावर वाकल्या, ते एवढ्या जणांत कुणाला दिसलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढून ते वाकणं जात नाही.

कागद पडल्यावर बोलण्याआधी बाईंना चार सेकंद हवे होते. प्रसंग रेंगाळतो, दिग्दर्शक म्हणाले. “ब्रॉडवेवर यायला या नाटकाला 66 वर्षं लागली. तुम्ही चार सेकंद थांबा,” बाई म्हणाल्या.

हिशेब बरोबर आहे. नाटक न्यूयॉर्कमध्ये 1955 साली आलं, पण ब्रॉडवेबाहेर. 1957 मध्ये ब्रॉडवेवर जायचं घाटत होतं. निर्माते शेवट मवाळ करा म्हणत राहिले आणि चिल्ड्रेस यांनी नकार दिला. नाहीतर ब्रॉडवेवरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री नाटककार त्याच ठरल्या असत्या. तो मान 1959 मध्ये लोरेन हॅन्सबेरींना मिळाला. चिल्ड्रेस स्वतः अभिनेत्री होत्या, दिग्दर्शकापुढे हसत मान डोलावणं काय असतं ते जाणून होत्या. 1994 साली त्या गेल्या. नाटक ब्रॉडवेवर आलं 2021 मध्ये. 66 वर्षं!

विश्रांतीनंतर दिग्दर्शकांनी स्वतः येऊन कागद उचलला. व्यवस्था बघणाऱ्या मुलीनं वहीत नोंद केली: कागद परत घेणं मॅनर्सकडे. शांतता मात्र दिग्दर्शकांनी दोन सेकंदांवर आणली. बाईंनी संहितेतला चार खोडून दोन लिहिला. मला चारच हवे होते. तेवढ्या वेळात मॅनर्सकडे प्रेक्षकांना नीट बघता आलं असतं.