लकवा, शस्त्रक्रिया आणि घरच्यांचा निर्णय

बेळगावच्या खडेबाजारात अजूनही पक्षाघाताला ‘लकवा मारला’ असंच म्हणतात. तिथल्या आमच्या 54 वर्षांच्या काकांना तो झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कवटी उघडायची परवानगी मागितली. काकूंनी एकच विचारलं, “वाचतील ना?” आपण सगळे हेच विचारतो. पण पुढचा प्रश्नही तितकाच मोठा आहे: वाचले तर कसे जगतील?

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तो भाग मरतो आणि दोन-चार दिवसांत सुजतो. कवटी काही ताणत नाही, म्हणून सूज चांगल्या मेंदूलाही चेपते. अशा वेळी एका बाजूचं मोठं हाड काढून सुजेला जागा करून देतात. हाड पोटाच्या कातडीखाली किंवा शीतपेटीत जपतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. मेलेला भाग मात्र यातून जिवंत होत नाही.

फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या तीन चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष 2007 मध्ये आला. त्यात 60 वर्षांपर्यंतचे 93 रुग्ण होते आणि शस्त्रक्रिया 48 तासांच्या आत झाली होती. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतले 78 जिवंत होते, न झालेल्यांतले 29. आधाराशिवाय चालू शकणारे अनुक्रमे 43 आणि 21. म्हणजे जीव वाचतो आणि चालणारेही वाढतात. पण चालायला, अंघोळीला दुसऱ्याचा हात लागणारेही बरेच वाढतात.

साठीपुढचं चित्र 2014 च्या जर्मन चाचणीत दिसलं. सहा महिन्यांत शस्त्रक्रियेविना 70 टक्के दगावले, शस्त्रक्रियेनंतर 33 टक्के. मात्र वाचलेल्यांतल्या बहुतेकांना रोजच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींना मदत लागत होती.

यात ‘करा’ किंवा ‘नको’ असं एकच बरोबर उत्तर नाही. कुणाला अंथरुणावरून नातवंडं दिसली तरी पुरे वाटतं, कुणाला तसं जगणं नकोसं वाटतं. आयसीयूच्या दाराशी रुग्णाला बोलता येत नाही आणि वेळ तासांत मोजावा लागतो.

म्हणून पुण्या-मुंबईत, परदेशात राहणाऱ्या माझ्या वयाच्या भावंडांना सांगणं एवढंच: पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईबाबांना हे शांतपणे विचारा. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच 108 ला फोन करा.